जुनं अहमदाबाद, पायी पायी

आपल्याकडची मंडळी अहमदाबादला जातात ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी लग्नाला, नाहीतर द्वारका-सोमनाथला जाताना मधला मुक्काम म्हणून. मग साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट, अटल ब्रिजवर फोटो, लॉ गार्डनला चनिया चोळी, झालं शहर बघून. जुन्या कोटाच्या आत फारसं कोणी जात नाही. आणि खरं शहर तर तिथेच आहे, मराठी माणसासाठी तर जास्तच, कारण १७५३ पासून १८१७ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, तिथे आपलंच राज्य होतं, पेशवे आणि गायकवाड दोघांचं मिळून. मी आणि ताई जानेवारीच्या सुरुवातीला फक्त हे कोटाच्या आतलं शहर चालत बघायला गेलो होतो. बाकी काही करायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, आणि ते पाळलं म्हणून हे सगळं नीट बघता आलं.

पहिला दिवस

रात्रीची गुजरात मेल पकडली आणि पहाटे कालुपूर स्टेशनला उतरलो. थंडी चांगलीच होती, स्टेशनबाहेर चहाच्या टपऱ्यांवर गर्दी. सामान हॉटेलवर टाकण्याआधी पहिलं ठिकाण तिथेच जवळ आहे, सारंगपूर दरवाजाच्या बाजूला सिदी बशीर मशिदीचे झुलते मिनार. एक मिनार वरून हलवला की थोड्या वेळाने दुसरा थरथरतो आणि मधला पूल मात्र स्थिर राहतो, यासाठी ते प्रसिद्ध. आता वर चढायला बंदी आहे त्यामुळे खालूनच बघायचं. पण मला त्यात जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. मिनार आहेत, मधली कमान आहे, पण मशीदच नाहीये! ती १७५३ च्या लढाईत गेली असं सांगतात, म्हणजे रघुनाथराव आणि दमाजीराव गायकवाडांनी शहराला वेढा घातला तेव्हा. म्हणजे या शहरातली आपली पहिली खूण ही अशी, एक नसलेली इमारत. शाळेत आपण 'अटकेपार झेंडे' शिकतो, रघुनाथराव तेच, पण ज्या शहरात फौज शिरली त्या शहराच्या बाजूने ती गोष्ट कधी वाचलेली नसते.

हॉटेल लाल दरवाजाजवळ घेतलं होतं, आणि कोणी जाणार असेल तर तिथेच घ्या, सगळं पायी पडतं. अंघोळ करून, थोडी झोप काढून अकराच्या सुमारास बाहेर पडलो. समोरच लकी रेस्टॉरंट. इथे टेबलांच्या मधे चक्क कबरी आहेत, हिरव्या रंगवलेल्या, भोवती छोटं रेलिंग, रोज फुलं वाहिलेली, आणि लोक शेजारी बसून मस्काबन आणि चहा घेतायत. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र आहे. वेटर कबरींना वळसा घालून इतके सहज फिरतात की पाच मिनिटांत आपल्यालाही त्यात काही वेगळं वाटेनासं होतं. मस्काबन मऊ आणि चहा कडक, पैसे वसूल.

रस्ता ओलांडला की सिदी सय्यद मशीद. मशीद लहान आहे, आणि आता ती ट्रॅफिकच्या मधोमध आलीये, चारही बाजूंनी बस, रिक्षा, हॉर्न. १५७२-७३ ची, म्हणजे अकबराने गुजरात घेतलं त्याच वेळची, गुजरातच्या सल्तनतीची ही शेवटची मोठी कामगिरी. बांधणारा सिदी सय्यद हा हबशी, आफ्रिकेतून आलेला सरदार. आपल्याकडे जंजिऱ्याचे सिद्दी माहीत असतात, तसे इथेही हबशी अमीर-उमराव होते आणि त्यातल्या एकाने हे करून ठेवलंय. मागच्या भिंतीतल्या दोन अर्धगोल जाळ्या, त्यातल्या एका जाळीत एक झाड, फांद्या एकमेकींत गुंतत वर जातायत आणि मधे ताडाचं झाड सरळ उभं. आयआयएम अहमदाबादच्या लोगोत हीच जाळी आहे. फोटो हजार वेळा पाहिलेला असतो पण फोटोत जाडी कळत नाही. तो दगड आहे, जाड दगड, आणि त्यातून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडतात. आम्ही आत बसलो असताना ऊन सरकत होतं, बाहेरून बघून परत आत येऊन बघितलं तर नक्षी दोन्हीकडून वेगळी दिसते. बाहेरून जाळी, आतून उजेड. मधली कमान मात्र साधी, तिथे जाळी नाही. इंग्रजांच्या काळात इथे सरकारी कचेरी होती, लॉर्ड कर्झन आला तेव्हा त्याने ती हलवायला लावली. म्हणजे मधली कित्येक वर्षं या जाळीखाली बसून कारकून दप्तरं सांभाळत होते.

तिथून भद्र किल्ला पाच-सात मिनिटं. १४११ मध्ये सुलतान अहमदशाहने शहर वसवलं ते इथून. समोरच्या बुरुजावर मोठं घड्याळ आहे, ते इंग्रजांच्या काळात १८७८ मध्ये बसवलं. किल्ल्यासमोरचा चौक पादचाऱ्यांसाठी केलाय असं म्हणतात पण प्रत्यक्षात तो कपड्यांच्या, चपलांच्या, कानातल्यांच्या फेरीवाल्यांनी भरलेला असतो, वाट काढत जावं लागतं. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. सुलतानाच्या काळातही हे मैदान-ए-शाहच होतं, मिरवणुका, बाजार, गर्दी, म्हणजे जागा अजून तेच काम करतेय.

किल्ल्याला लागून आझमखानाची सराई, १६३७ ची. हा मुघल सुभेदार, याला इमारती बांधायची इतकी हौस की लोक त्याला उधई म्हणजे वाळवी म्हणायचे. याच इमारतीत एका बाजूला भद्रकालीचं देऊळ आहे, आणि ते मराठ्यांच्या काळात आलं. आज अहमदाबादकर तिला नगरदेवी मानतात. दर्शनाला रांग होती, पुढच्या काकूंनी आमचं मराठी ऐकून विचारलं, "महाराष्ट्रथी आव्या, बेन?" ताईने हो म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं की देवी तुमच्याच लोकांनी बसवली. रांगेतली ती ओळख मनाला फार बरी वाटली. एका राज्याने दुसऱ्याच्या महालात देवी बसवली, मग राज्यच गेलं, आणि देवी अख्ख्या शहराची झाली.

आता तीन दरवाजा. भद्रच्या समोर सरळ रेषेत, तीन कमानींचं भव्य दार, किल्ला झाल्यावर लगेचच्या काळातलं. दोन गोष्टी आहेत इथे. एक सगळे गाइड सांगतात ती म्हणजे कोनाड्यातला दिवा. लक्ष्मी शहर सोडून निघाली होती, सिद्दीक कोतवालाने तिला सांगितलं की मी बादशहाची परवानगी आणेपर्यंत थांब, आणि मग जाऊन स्वतःचं डोकं उतरवून घेतलं, म्हणजे तो परत येणार नाही आणि लक्ष्मी जाणार नाही. त्याच्या आठवणीत तिथे दिवा तेवत असतो आणि एक मुस्लिम कुटुंब पिढ्यानपिढ्या त्यात तेल घालतं. दिवा लहानसा आहे, बांगड्यांच्या दुकानांच्या गर्दीत शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट फार कोणी सांगत नाही, आणि मी तर त्याच्यासाठीच गेले होते. तीन दरवाजाच्या खांबावर देवनागरीत एक शिलालेख आहे, १० ऑक्टोबर १८१२ चा. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा हुकूम. मजकुराचा अर्थ असा की मुलीला बापाच्या मालमत्तेतला तिचा वाटा विनातक्रार द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे, हे जो पाळणार नाही तो हिंदू असेल तर त्याने महादेवाला जाब द्यावा आणि मुसलमान असेल तर अल्ला-रसूलला. बस. एवढंच. पण १८१२!

ताई बराच वेळ तिथून हलेना. अक्षरं झिजलीयेत, आजूबाजूला दुकानांचे पडदे, वायरी, एका दुकानदाराने हाताने कापड बाजूला धरलं म्हणून नीट बघता आलं. ताई म्हणाली, "अगं, आईने मामांना हक्कसोड लिहून दिलं तेव्हा वकिलाने साधं विचारलंसुद्धा नाही तिला, की बाई तुला सोडायचंय का." आमच्या घरात त्यावरून भांडण वगैरे काही झालं नाही, आईने आनंदाने सही केली असंच सगळे म्हणतात, आणि तेच तर आहे ना, प्रत्येक घरात बहिणींनी 'आनंदाने' सह्या केलेल्या असतात. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला तो १९९४ मध्ये, केंद्राचा कायदा बदलला २००५ मध्ये. आणि एका मराठी सुभेदाराने शहराच्या सगळ्यात गर्दीच्या दारावर, जिथून प्रत्येक माणूस रोज जाणार येणार, तिथे हे कोरून ठेवलं होतं. जागा कशी निवडलीये बघा, कचेरीच्या आत भिंतीवर लावला असता तर कोण वाचणार होतं.

मी हे पण म्हणेन की मराठ्यांचा अहमदाबादेतला कारभार काही अभिमानाने मिरवावा असा नव्हता. दोन धनी, पेशवे आणि गायकवाड, दोघांची वसुली, कर जड, पेठा ओस पडल्या, कोट पडायला आला. १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडार्डने शहर जिंकलं, सालबाईच्या तहात ते परत मराठ्यांकडे आलं, आणि शेवटी १८१७ मध्ये कायमचं गेलं. गुजराती लोकांच्या आठवणीत हा काळ चांगला नाही आणि ते आपण ऐकून घेतलं पाहिजे. पण त्याच राज्यातून हा हुकूमही निघाला, दोन्ही खरं आहे. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात हा लेख यायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा दिवस

आज महापालिकेचा हेरिटेज वॉक. १९९७ पासून हा चालू आहे, रोज सकाळी आठच्या सुमारास कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरातून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो, मंदिर से मस्जिद असं गाइडच म्हणतो. अडीचेक तास. आमच्या ग्रुपमध्ये दोन फ्रेंच बायका, बडोद्याचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि आम्ही दोघी. गाइड जन्माने इथल्या जुन्या वस्तीतलाच, हिंदी-गुजराती मिसळून बोलणारा, आणि थांबून थांबून सांगणारा, घाई न करणारा.

स्वामीनारायण मंदिर १८२२ चं, संप्रदायाचं पहिलं मंदिर, आणि ते लाकडात आहे, बर्मा सागवानात. खांब, तोरणं, कंसात बसलेल्या आकृत्या, सगळं रंगवलेलं, निळं-लाल-पिवळं, भडक वाटेल असं पण सकाळच्या उन्हात छान दिसतं. हवेलीच्या बाजूला बायकांसाठी वेगळं देऊळ आहे, तिथे बायकाच व्यवस्था बघतात.

मंदिरातून बाहेर पडलं की पोळ सुरू. ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, पोळ म्हणजे एक बंद गल्ली-वस्ती, तिला एकच मोठं दार, दारावर पहारेकऱ्याची खोली, आत अरुंद रस्ता, त्याला फुटलेल्या आणखी अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे भिंतीला भिंत लावून तीन-चार मजली घरं, मधे एखादं देऊळ किंवा देरासर म्हणजे जैन मंदिर, एक सामायिक विहीर, एक चबुतरा आणि एक काळा फळा. फळ्यावर सूचना, कोणाचं निधन, कोणाचा सत्संग, पाणी कधी येणार. बहुतेक पोळ एका जातीच्या, एका धंद्याच्या लोकांच्या. पुण्याच्या वाड्यांत बिऱ्हाडं एका चौकाभोवती असायची, इथे अख्खी गल्लीच एका दाराच्या आत. दार रात्री बंद व्हायचं, दंगलीत दिवसाही. मराठा-मुघल झटापटींच्या त्या अस्थिर वर्षांत ही दारं खूप वाढली असं गाइड म्हणाला आणि आमच्याकडे बघून हसला, आम्हीही हसलो पण मुद्दा बरोबर होता.

लांबेश्वरनी पोळमध्ये कवी दलपतराम यांचं घर, म्हणजे घराचा दर्शनी भागच, मागचं घर राहिलेलं नाही. समोर ओट्यावर दलपतरामांचा पुतळा बसलेला, हातात पुस्तक, कोणीही शेजारी बसू शकतं. पोळमधली पोरं शेजारी बसून मोबाइल बघत होती. इंग्रज अधिकारी फोर्ब्स यांच्याबरोबर राहून दलपतरामांनी गुजराती ग्रंथ, बखरी गोळा केल्या, आणि १८४८ मध्ये सुरू झालेल्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीचं काम वाढवलं. कवीला त्याच्याच गल्लीत, त्याच्याच ओट्यावर बसवायची कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे पुतळा म्हटला की चौकात, उंचावर, भोवती जाळी.

चबुतरे बघायचे म्हणजे मान वर ठेवूनच चालावं लागतं. एका खांबावर वर कोरीव छोटं घर, पक्ष्यांना दाणे टाकायला. शहर वसवताना झाडं गेली, पक्षी कुठे जाणार, म्हणून. अजूनही लोक सकाळी शिडी लावून दाणे टाकतात, आम्ही गेलो तेव्हा कबुतरं आणि पोपट दोन्ही होते. उत्तरायण म्हणजे संक्रांत आठवड्यावर आलेली त्यामुळे गल्लोगल्ली पतंगांची तयारी, फूटपाथवर खांबांना दोरा ताणून गुलाबी रंग चढवत होते, हातांची बोटं गुलाबी, रस्ता गुलाबी. ताईला प्रश्न पडला की पतंगांचं शहर आणि पक्ष्यांचं शहर हे एकत्र कसं. गाइडने खरं उत्तर दिलं, म्हणाला त्या दोन दिवसांत पक्षी जखमी होतात, आणि जखमी पक्ष्यांसाठी जागोजागी मंडप टाकून डॉक्टर बसतात, हेही याच शहरात.

मग काळा रामजी मंदिर, हाजा पटेलनी पोळमध्ये. नाशिकचा काळाराम मनात घेऊन गेले होते आणि इथला राम काळ्या पाषाणाचा आहेच, पण बसलेला! उभा, धनुष्य घेतलेला राम बघायची सवय, इथे तो शांत बैठकीत. मंदिर बाहेरून घरासारखंच, कळस नाही, शोधूनही सापडणार नाही. पुजारी आजींनी थांबवून पाणी विचारलं, "पाणी पीशो?" आणि चक्क तांब्यातून दिलं. ते पाणी टाक्याचं होतं.

या टाक्यांबद्दल नीट लिहायलाच हवं. पोळमधल्या जुन्या घराच्या मधल्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं असतं, एखाद्या खोलीएवढं, आतून चुन्याने लिंपलेलं. गच्चीवरून तांब्याच्या नळीने पाणी खाली येतं. पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्यायचं, गच्ची धुवायची, मग नळी उघडायची. वर घट्ट झाकण, आत उजेड नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि पाणी वर्षभर पिण्यासारखं राहतं. आम्हाला एका घरात झाकण उचलून दाखवलं, खाली दोरीला बांधलेली पितळी बादली सोडली, वर आलेलं पाणी थंड आणि गोड. विहिरींचं पाणी इथे मचूळ, म्हणून ही युक्ती. आता बहुतेक घरांत नळ आले, टाकी कोरडी पडली, काहींनी त्यात जुनं सामान भरलं. ज्या कुटुंबाने अजून ठेवलंय ते मात्र स्वयंपाकाला तेच वापरतं. त्या घरच्या बेन म्हणाल्या की डाळ याच पाण्यात नीट शिजते. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या सोसायट्यांनी येऊन बघावं असं हे काम आहे.

घरांच्या भिंतींत विटांच्या मधे लाकडाच्या तुळया घातलेल्या दिसतात. सजावट वाटते पण ते भूकंपासाठी, भिंत हादरली तर लाकूड धक्का खातं. २००१ च्या भूकंपात शहरातल्या कित्येक नव्या बिल्डिंगी कोसळल्या, ही जुनी घरं बरीचशी उभी राहिली. रिलीफ रोडवरचा कॅलिको डोम मात्र त्या भूकंपानंतर खचला, १९६० च्या दशकात साराभाईंनी बांधलेला कापडाच्या दुकानाचा आधुनिक घुमट.

कुवावाळो खांचो नावाच्या चौकात मधे विहीर आणि भोवती वेगवेगळ्या शैलीची घरं, एक मराठा पद्धतीचं, एक इराणी वळणाचं, एक इंग्रजी खांबांचं. मराठा घराला जड लाकडी खांब, साधे कंस, नक्षी कमी. त्याच्यासमोर मी जरा जास्तच रेंगाळले. चौकातल्या एका खिडकीतून आजोबा बघत होते, त्यांनी हाक मारून सांगितलं की विहिरीचा फोटो वरून छान येतो, आणि आम्हाला जिन्याने वर नेलं. जिना उभा, दोराला धरून चढायचा. पोळमधल्या माणसांचं हे असंच आहे, सकाळी सकाळी अनोळखी लोक दारासमोरून जातात, घरात डोकावतात, तरी कोणी वैतागलेलं दिसलं नाही.

एक गुप्त वाटही आहे, एका पोळमधून दुसऱ्या पोळमध्ये घरासारख्या दिसणाऱ्या दारातून जायची. दार बंद असतं तेव्हा ते कोणाचं तरी घर वाटतं. पुढे दोशीवाडानी पोळ, जैनांची, तिथे देरासर, आणि मग हरकुंवर शेठाणींची हवेली, साठ खोल्यांची. पुढच्या बाजूच्या लाकडी कंसांवर चिनी वळण दिसतं. या हठीसिंग शेठ यांच्या पत्नी. शेठ गेल्यावर दिल्ली दरवाजाबाहेरचं प्रचंड जैन मंदिर त्यांनी पुरं केलं, १८४८ मध्ये, आणि मुलींच्या शाळेसाठी पैसा दिला. तेच साल आहे ज्या वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

याच गल्ल्यांत वाईटही वाटतं. हवेलीच्या शेजारी चांगलं कोरीव घर आणि खाली शटर, आत कापडाचे गठ्ठे. गोडाऊन. नवी पिढी नदीपलीकडे फ्लॅटमध्ये गेली, पोळमध्ये गाडी येत नाही, पार्किंग नाही, लग्नाच्या मुली पोळमधलं स्थळ नको म्हणतात, मग घर व्यापाऱ्याला जातं. कोरीव कंस, खिडक्या, झरोके उतरवून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले जातात. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हटलं, भारतातलं पहिलं शहर, आणि जुनी घरं राखणाऱ्यांना महापालिका टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देते, तो विकून दुरुस्तीचा खर्च काढायचा. काही घरं त्यामुळे वाचलीयेत, रंग लावून त्यात होमस्टे झालेत. पण मला स्पष्ट वाटतं की होमस्टेने पोळ जगणार नाही, तिथे माणसं राहिली तरच जगेल. फळ्यावर लिहायला आणि चबुतऱ्यावर दाणे टाकायला कोणीतरी लागतं.

फर्नांडिस पुलाखालून पुस्तकांचा बाजार, चांदला ओळमध्ये लग्नाचं सामान, शेअर बाजाराची जुनी इमारत (१८९४ ची संस्था, मुंबईनंतर देशातली दुसरी), आणि मग एकदम माणेक चौक उघडतो. बाजूला बादशाहनो हजिरो म्हणजे अहमदशाहची कबर, आणि पलीकडे राणीनो हजिरो, राण्यांच्या कबरींभोवती बायकांच्या कपड्यांचा बाजार. शेवट जामा मशीद. १४२४ ची. दोनशे साठ खांब, पंधरा घुमट, समोर अंगण इतकं मोठं की बाहेरच्या बाजाराचा आवाज अचानक बंद झाल्यासारखा वाटतो. खांबांची कलाकुसर देवळातल्यासारखी, कारण कारागीर तेच. मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे बुंधे आहेत, वरचे मिनार १८१९ च्या कच्छच्या भूकंपात पडले. हौदाच्या काठावर बसून आम्ही पाय मोकळे केले, आणि वॉक तिथे संपला.

दुपारी झोप. रात्री परत माणेक चौक. सकाळी इथे गाईंना चारा घालतात, दिवसा सोन्याचांदीची पेढी, आणि रात्री नऊनंतर अख्खा चौक खाण्याचा. भाजीपाव, घुघरा सँडविच, वर किसलेलं चीज, कुल्फी, सगळं भरपूर लोण्यात. ज्या माणेकनाथ बाबांच्या नावाने चौक आहे त्यांची समाधीही इथेच, दुकानांच्या आड. दिवसा कोट बांधला जायचा तेव्हा ते गोधडी विणायचे आणि रात्री उसवायचे, की कोट कोसळायचा, अशी कथा. शेवटी सुलतानाने त्यांना वश केलं आणि त्यांच्या नावाचा पहिला बुरुज बांधला. समाधीपाशी आम्ही गेलो तेव्हा बाजूला मशीन लावून कोणीतरी उसाचा रस काढत होतं आणि पुजारी शांतपणे वात सारखी करत होते.

तिसरा दिवस

आजचा मार्ग आमचा आम्हीच आखला. आस्टोडियाला राणी सिप्रीची मशीद, १५१४ ची, छोटी, इतकी नाजूक की तिला मस्जिद-ए-नगीना म्हणतात. मुलाला क्षुल्लक अपराधासाठी मारलं गेल्यावर आईने बांधली अशी हकीकत आहे. तिथून खमासाला मागेन अब्राहम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १९३४ चं. हे आपल्या बेने इस्राएल लोकांचं, म्हणजे कोकणातल्या शनवार तेल्यांचं, ज्यांची घरची भाषा मराठी. रेल्वे, गिरण्या, फौज यांतल्या नोकऱ्यांसाठी ही कुटुंबं अहमदाबादला आली. आधी विचारून गेलो होतो, आत फोटो काढायचे नसतात. दार उघडणाऱ्या आजी आम्हाला हिंदीत काहीतरी विचारत होत्या, ताई मला मराठीत काही म्हणाली तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "या, बसा. कुठून आलात?" पुढचा अर्धा तास आम्ही गप्पाच मारल्या. अलिबागकडचं गाव, मलिदा, कांकरिया प्राणिसंग्रहालय उभं करणारे रूबेन डेव्हिड, जे याच समाजातले. आता इथे थोडीच कुटुंबं राहिलीत, बाकी इस्राएलला गेली. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि स्वच्छ होतं.

पुढे नदीच्या बाजूला एलिस ब्रिजजवळच्या बागेत लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, खुर्चीत बसलेला. बागेचं तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन, आणि वल्लभभाई पटेलांनी राणीच्या नावाच्या बागेतच टिळकांना बसवायचं ठरवलं, १९२९ मध्ये गांधीजींच्या हस्ते उद्घाटन झालं. एलिस ब्रिज १८९२ चा, आणि तो बांधणारे इंजिनिअर हिम्मतलाल भचेच यांनी काम अंदाजापेक्षा स्वस्तात केलं म्हणून सरकारने त्यांच्यावर संशय घेतला, चौकशी झाली, काम उत्तम निघालं आणि उलट त्यांना रावसाहेब किताब मिळाला. कोटाच्या दक्षिणेला गायकवाडांची हवेली आहे, पण ती पोलिसांच्या ताब्यात, आत जाता येत नाही.

दुपारी रिक्षाने असारव्याला दादा हरीर वाव, वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. सुलतान महमूद बेगडाच्या जनानखान्यातल्या बाई हरीर यांनी १४९९ मध्ये बांधली. अडालजची सगळे बघतात, ती सुंदर आहेच, पण इथे आम्ही दोघी आणि कट्ट्यावर झोपलेला एक कुत्रा, एवढेच. पायऱ्या उतरत जाताना मजल्यागणिक गारवा वाढतो. भिंतीवर एक लेख संस्कृतात, एक अरबीत, आणि खर्चही लिहिलेला, तीन लाख एकोणतीस हजार महमुदी. एका बाईने तहानलेल्या वाटसरूंसाठी एवढा पैसा खर्च केला आणि तो भिंतीवर लिहून ठेवला.

संध्याकाळी आश्रम, कारण तो सोडून येणं शक्यच नाही. हृदयकुंज म्हणजे गांधीजींचं राहतं घर, त्याच्या बाजूला विनोबांची कुटी आहे, लहान, रिकामी. पंडित नारायण मोरेश्वर खरे आश्रमात संगीत शिकवायचे, रोजच्या प्रार्थनेच्या भजनांना चाली त्यांच्या, आणि १२ मार्च १९३० ला दांडीला निघालेल्या तुकडीत तेही होते. काका कालेलकर साताऱ्यात जन्मले आणि गुजरातीचे मोठे लेखक झाले. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हेही इथलेच वकील. यातलं कोणीही फौज घेऊन आलं नव्हतं.

कोणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, पायात साधे पण मजबूत बूट घाला, मशिदींसाठी डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवा, हेरिटेज वॉकला उपाशी पोटी जाऊ नका कारण मधे फक्त चहा मिळतो. आणि तीन दरवाजाला सकाळी सात-साडेसातला जा, दुकानं लागायच्या आधी, म्हणजे तो लेख कापड बाजूला न धरता वाचता येईल. मुलींना सोबत घेऊन जा.